कार्पेट एरिया

शेवटची गाठ मारली
तरी सुई हातातच राहिली,
चार नंबरची, मानेत जरा वाकलेली.
रात्रीचे पावणेदोन. विक्रोळी,
भाड्याचा अकरावा मजला, पंखा पाचवर,
आणि मांडीवर हे एवढं लोकरीचं ओझं.

मुंबईत लोकरीचं पांघरूण!
हसा. मीही हसते.
इथे थंडी येते ती उंबऱ्यावरून बोलणाऱ्या बाईसारखी,
जानेवारीत दोन रात्री,
चहा ठेवेपर्यंत गेलेली.

टेप लावून पाहिलं.
पाच फूट बाय सहा.
दहा ओळी, प्रत्येकीत बारा चौकोन,
म्हणजे तीस चौरस फूट, आणि सगळंच्या सगळं कार्पेट.
यात जिना धरलेला नाही,
लॉबी धरलेली नाही,
एवढं तरी माझ्या एकटीच्या नावावर.

पहिला चौकोन मिटिंगमधला.
लालबागला, आमच्या गच्चीवर, मांडववाल्याच्या खुर्च्यांवर
सगळे मजले एकदम बसले होते
आणि बिल्डरचा माणूस नकाशा उलगडून सांगत होता,
"छत्तीस महिने, ताई. फार तर."
हाताला काही काम हवं होतं,
नाहीतर तोंडाने केलं असतं.
पिशवीत मुलाचा उसवलेला शाळेचा स्वेटर होता, निळा.
चार साखळ्या, गोल जोडून घ्यायच्या.
तीन खांब, एक साखळी, तीन खांब,
कोपऱ्यात दोन साखळ्या, आणि तिथूनच पुन्हा तीन.
तो बोलत राहिला.
माझा कोपरा वळला.

त्या छत्तीस महिन्यांना आता सात वर्षं झाली.

लोकर विकत फारशी आणलीच नाही.
घरं रिकामी करताना लोक कपाटं झटकत होते,
मी खाली पिशवी धरून उभी.
आंगणेबाईंनी यजमानांचा मफलर दिला, रात्रपाळीचा, तपकिरी;
उसवताना त्याला मशीनच्या तेलाचा वास आला
किंवा मला हवा होता म्हणून आला.
कुमुद पेडणेकरने बाळाची टोपी दिली.
ते बाळ आता कॅनडात फावड्याने बर्फ ओढतं.
पोपटी कुणाची ते सांगत नाही.
जांभळीशी तिचं कॉर्पसच्या पैशांवरून वाजलंय,
आजही एकमेकींचा फोन उचलत नाहीत.
माझ्याकडे मात्र शेजारी शेजारी आल्यात.
मुद्दाम नाही केलं.
रंग जुळत होते.

एक चौकोन पार तिरका आहे.
केईएमच्या बाकावर, ह्यांना आत नेलं तेव्हाचा.
घरी आल्यावर ह्यांनीच बोट ठेवलं,
"हा उसव गं, डोळ्यांना खुपतो."
म्हटलं, तुमचे टाके उसवू का?
मग गप्प.

जोडायला मुका खांब घेतला.
नाव कुणी ठेवलं कोण जाणे,
उंची नाही, नक्षी नाही,
दोन काठांच्या मध्ये निमूट बसतो
आणि दोघांना सुटू देत नाही.
आमचे हे मिटिंगांमध्ये असेच बसायचे.
मला तेव्हा राग यायचा.

मग टोकं.
विणणं कुणीही विणेल,
पण एकेका चौकोनाची दोन-तीन शेपटं
सुईत ओवून आत लपवायची, दिसता कामा नये,
ओढली तर निघता कामा नये.
त्यात अख्खा उन्हाळा गेला.

आज ग्रुपवर मेसेज आलाय: ताबा दिवाळीपर्यंत.
कोणत्या, ते लिहिलेलं नाही.
सत्तावीस जणांनी हात जोडलेत.
मीही जोडले असते,
पण दोन्ही हात लोकरीत होते.

उठले. गुडघा वाजला.
ह्यांच्या अंगावर पसरलं सगळं,
निळा खांद्याशी, तिरका बरोबर पोटावर.
झोपेतच म्हणाले, "उकडतंय. काढ."
काढलं नाही.
दुसऱ्या बाजूने मीच आत शिरले.

आंगणेबाईंचा मफलर पायाशी आला वाटतं.
सकाळी
फिरवून घेईन.